‘हवापाणी मानवले नाही’ म्हणण्याआधी

सोलापूर, लातूर किंवा थेट बिहारमधून एखादा तरुण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागतो. रोह्यात तिघा-चौघांत मिळून एक खोली घेतो. मे महिना घामाघूम होऊन सरतो, जून येतो आणि पहिले आठ दिवस पावसाचे कौतुक चालते. मग कपडे वाळेनासे होतात, गादीला कुबट वास येतो, जांघेत खाज सुटते, पोट बिघडते आणि एके दिवशी अंगात ताप भरतो. घरी फोन केला की आई म्हणते, “तिकडचं हवापाणी मानवत नाही तुला. चार दिवस इकडे ये.” पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्यांच्या घरीही पावसाळ्यात असेच फोन होतात.

आईचे निदान अगदीच चुकीचे नाही. सोलापुरात वर्षभरात पाऊस पडतो तो सहा-सातशे मिलीमीटर. पेण-रोहा पट्ट्यात चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलीमीटर कोसळतो. एकट्या जुलैचा पाऊसच सोलापूरच्या वर्षाला मागे टाकतो. एवढा फरक शरीराला जाणवणारच. पण ‘हवापाणी’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या गोष्टी दडवतो. त्यातल्या काही नुसत्या त्रासदायक असतात, एक मात्र जीव घेऊ शकते. म्हणून त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

आधी हवा

शाडूची मूर्ती उन्हाळ्यात पटकन वाळते आणि आषाढात रेंगाळते, हे पेणमधले कोणीही सांगेल. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की ओल्या वस्तूतले पाणी उडून जायला जागाच उरत नाही. आपल्या त्वचेचेही तेच होते. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. पावसाळ्यात किनारपट्टीची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर जाते, तेव्हा तापमान कमी असूनही जीव कासावीस होतो. पाऊस आहे म्हणून तहान लागत नाही, पण घामावाटे पाणी जातच असते. कारखान्यात अंगमेहनत करणाऱ्याने पावसाळ्यातही ठरवून पाणी प्यायला हवे.

सतत ओली राहिलेली त्वचा मऊ पडते आणि बुरशीला वाट मिळते. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, जांघेत आणि कमरेला गजकर्ण उठते. इथे बहुतेक जण एक चूक करतात. औषधाच्या दुकानात जाऊन खाजेची ट्यूब मागतात. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण फार चिवट झाले आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावाने २०२० मध्ये वर्णन झालेली बुरशी तर नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. म्हणून चट्टा दिसताच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा आणि खाज थांबली तरी औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. टॉवेल आणि आतले कपडे खोलीतल्या मित्रांबरोबर वाटून वापरू नयेत. कामावरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.

आता खोलीकडे पाहू. जुनी कौलारू घरे फटींमधून श्वास घेत, ओल वर निघून जाई. स्लॅबच्या बंद खोलीत तसे होत नाही. चार माणसांचा श्वास, दोरीवरचे ओले कपडे आणि स्वयंपाकाची वाफ असे सगळे पाणी आतच फिरते. गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी खोलीच्या हवेत मिसळते. भिंतीवर काळे ठिपके दिसतात ते यामुळेच. दमेकऱ्याला हीच बुरशी त्रास देते. त्यामुळे पाऊस असला तरी समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात, स्वयंपाक करताना तर नक्कीच. कपडे पंख्याखाली अंतर ठेवून पसरावेत, पलंग आणि कपाट भिंतीला चिकटवू नये. मात्र कपडे वाळवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

मग पाणी

पहिल्या पावसात डोंगरावरची माती आणि गावातली घाण वाहून नदी-नाल्यांत, विहिरींत येते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते, पण जंतू उरतात. पाणी खळखळून उकळले की ते मरतात. जुलाब झाले तर पहिले औषध म्हणजे क्षारसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. जुलाबाबरोबर रक्त पडत असेल, लघवी कमी होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर घरी थांबू नये. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला विशेष धोक्याची असते.

आणि चिखलातला ताप

हवा आणि पाण्याचा हा त्रास अंगावर काढून सरतो, असा अनुभव अनेकांना असतो. त्यामुळे तापही तसाच अंगावर काढला जातो, आणि घात तिथेच होतो. लेप्टोस्पायरोसिस हा आजार सगळ्या कोकणाला परिचित आहे, पण कोरड्या मुलखातून आलेल्याने त्याचे नावही ऐकलेले नसते. ॲडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने १८८६ मध्ये त्याच्या तीव्र रूपाचे वर्णन केले. त्याचा मळसूत्रासारखा जंतू पुढे जपानमध्ये सापडला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचले.

हा जंतू उंदरांच्या, तसेच गुरे, डुकरे आणि कुत्र्यांच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. पायाला चीर, खरचटलेली जागा किंवा पाण्यात राहून फुगलेली त्वचा असली की तो आत शिरतो. म्हणजे चिखल्या हा किरकोळ त्रास वाटला तरी या जंतूला तोच दरवाजा ठरतो. भातलावणी करणाऱ्याला धोका आहे, तसाच तुंबलेल्या गल्लीतून चपला हातात घेऊन खोलीवर येणाऱ्यालाही आहे.

ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, आणि एकदम जोराचा येतो. डोके फार दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या दाबल्या तरी सहन होत नाहीत. काहींना मध्ये एक-दोन दिवस बरे वाटते, मग कावीळ, लघवी कमी होणे, दम लागणे, थुंकीतून रक्त पडणे अशी लक्षणे दिसतात. तोवर मूत्रपिंडाला किंवा फुप्फुसाला इजा झालेली असते. सुरुवातीला दिलेली साधी प्रतिजैविके या आजारावर चांगली चालतात. पहिल्या आठवड्यात रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर अनेकदा संशयावरूनच उपचार सुरू करतात. पण संशय यायला त्यांना माहिती हवी.

“चार दिवस इकडे ये” हे प्रेमाचे बोलणे धोक्याचे ठरते ते इथे. मुलगा ताप अंगात घेऊन रात्रीची एसटी पकडतो. गावच्या डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा तिथे पाऊस नसतो, चिखल नसतो. दहा दिवसांपूर्वी आपण रोह्यात गुडघाभर पाण्यातून चाललो होतो, हे त्याला आठवतही नाही. साधा विषाणूजन्य ताप समजून गोळ्या दिल्या जातात आणि मोलाचे दोन-तीन दिवस निघून जातात. म्हणून गावी गेलात तरी डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा : “मी रायगड जिल्ह्यात राहतो आणि पावसाच्या पाण्यातून चाललो होतो.” मलेरिया आणि डेंग्यूच्या निदानालाही या वाक्याची मदत होते. त्याहून बरे म्हणजे प्रवास न करता आहे तिथेच दाखवणे. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. तोवर तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नये. लेप्टोमध्ये मूत्रपिंडाला आणि डेंग्यूमध्ये रक्तस्रावामुळे त्यांचा धोका असतो.

साचलेल्या पाण्यातून जावे लागले, विशेषतः पायाला जखम असताना, तर बाहेर आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. गरज वाटली तर ते प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी वेगळे औषध असते, म्हणून गोळी मनाने घेऊ नये.

नव्या माणसाची आगोट

कोकणात मे महिन्यात आगोटीची बेगमी होते. पापड, सुकी मासळी, मसाला, सरपण असे सगळे पाऊस लागण्याआधी घरात येते. पेणचे पापडही त्याच उन्हात वाळतात. पावसाला तोंड द्यायचे ते पाऊस येण्याआधी, हे त्यामागचे शहाणपण आहे. बाहेरून आलेल्यानेही आपली छोटी आगोट भरावी : गमबूट, लवकर वाळणाऱ्या कपड्यांचे दोन-तीन जोड, मच्छरदाणी, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे, जखम झाकायला पाणी न शिरणारी पट्टी. शक्य असेल तर जमिनीऐवजी खाटेवर झोपावे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप-विंचू घरांचा आसरा शोधतात.

यासोबत शेजारच्या घराशी ओळख ठेवावी. गल्लीत पाणी कुठे तुंबते, नदी वाढली की कोणता रस्ता आधी बंद होतो आणि रात्री-अपरात्री डॉक्टर कुठे मिळतो, हे त्यांना ठाऊक असते. आणि खोलीतल्या सोबत्याला ताप भरला तर “हवा बदललीये, होईल बरा” म्हणून त्याला पांघरुणात ठेवून कामावर जाऊ नये. घरापासून दूर राहणाऱ्याला वेळेवर दवाखान्यात नेणारे त्या खोलीत दुसरे कोणी नसते.