राजधानीचा आराखडा आणि मंडणगडची माणसं

मंडणगड तालुक्यातून मुंबईला गेलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या परळ, लालबाग, शिवडीत राहिली. गिरणीतली नोकरी आणि गावकीची खोली हा त्यांचा तिथला आधार. ती खोली टिकणार की पडणार, तिच्या जागी किती मजले चढणार, शेजारचं मैदान मोकळं राहणार का, हे ठरतं शहराच्या विकास आराखड्यात. म्हणून राजधानीचा आराखडा नव्याने कसा होतो, हे मंडणगडकरांनीही समजून घ्यायला हवं.

नकाशा ते मंजुरी

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखडा किमान 20 वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. आधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा होतो. मग पुढच्या गरजा मोजून शाळा, दवाखाना, उद्यान, रस्ता यांसाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांच्या हरकती-सूचना, नियोजन समितीपुढे सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी. आरक्षण पडलं तरी जागा हातात येतेच असं नाही. 10 वर्षांत ती घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं.

कोणाची नोंद होते?

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परळच्या अशाच एका चाळीत उमेदीची दोन दशकं काढली. मात्र पाडापाडीचा वेग नव्या घरांच्या वेगापेक्षा जास्त होता. अनेक बेघर कुटुंबं शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली.

1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या नियमावलीने वाटणी ठरवली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीला लागू झाली आणि बांधकामाखालची जमीन तिच्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. नियमातल्या एका व्याख्येने कामगारांच्या आणि शहराच्या वाट्याची जमीन झपाट्याने आटली.

लोकांनी आराखडा वाचला तर काय होतं, हे 2015 मध्ये दिसलं. नव्या आराखड्याच्या प्रारूपात अस्तित्वात असलेले रस्ते, वारसा वास्तू, प्रार्थनास्थळं यांच्या नोंदी चुकल्याचं रहिवाशांनी नकाशे तपासून दाखवून दिलं. हरकतींचा पाऊस पडला. त्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी प्रारूप नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आलं आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. 2034 पर्यंतच्या या आराखड्यात 10 लाख परवडणाऱ्या घरांचं उद्दिष्ट आहे. बेट-शहरात व्यापारी इमारतींना 5 पर्यंत एफएसआयही (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत परवानगी असलेलं बांधकाम) मिळू शकतो. एवढं बांधकाम वाढताना पाणी, गटारं आणि मैदानं त्या प्रमाणात वाढणार का, हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात विचारला गेला पाहिजे.

आपलं काम

पुढच्या सुधारणेच्या वेळी गिरणगावातल्या गावमंडळांनी आपल्या चाळीचा नकाशा मागून घ्यावा, खोल्या आणि सार्वजनिक जागा नोंदल्यात का ते पाहावं, चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि सुनावणीला जावं. मंडणगडलाही आता नगरपंचायत आहे. बाजारपेठ, एसटी स्थानक, पाणवठे, पायवाटा यांचा विचार इथल्या आराखड्यातही व्हावा लागेल. मुंबईत जागा हातची गेल्यावर मैदान परत मिळवणं किती अवघड होतं, ते आपण पाहिलं आहे. मंडणगडमध्ये अजून जागा आहे. ती राखायची तर आराखड्याचं प्रारूप लागेल त्या आठवड्यातच गावाने ते वाचायला बसलं पाहिजे.