पावसाचा जमाखर्च

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? गुणाकार करून पाहा: १०,००० लिटर! अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. तिथे मिलिमीटरमागे जवळजवळ १ कोटी लिटर पडते. अर्थात बरेचसे वाहून जाते, काहींची वाफ होते.

१९९० नंतर गावकऱ्यांनी उघड्या डोंगरांवर समपातळी चर खोदले, चराई थांबवली. गवत वाढले, पाणी मुरू लागले. पण मुरलेले पुन्हा उपसले तर? म्हणून शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य, ऊसही वर्ज्य. चरांपेक्षा ही बंदी मला मोलाची वाटते. दरवर्षी ग्रामसभेत पावसाचे आकडे मांडले जातात. आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी, तर रब्बीचे क्षेत्रही कमी.