नकार प्रोसेसरचा की बायोसचा?

न्हावाशेवा बंदराच्या आधाराने वाढलेल्या द्रोणागिरीत, जेथे आयात-निर्यातीच्या कचेऱ्यांना जुन्या विंडोजवरच चालणारा एखादा हिशेबाचा प्रोग्राम नव्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये जिवंत ठेवावा लागतो, तेथे ‘व्हीटी-एक्स डिसेबल्ड’ हा संदेश पडद्यावर येताच प्रोसेसर कुचकामी ठरवून नव्या संगणकाचे दरपत्रक मागविले जाते.

हा समज बहुधा निराधार असतो. इंटेलने 2005 मध्ये व एएमडीने 2006 मध्ये आणलेली व्हर्च्युअलायझेशनची ही सोय आजच्या बहुतेक प्रोसेसरांत असतेच. मात्र ती वापरण्याची मुभा देणे बायोसच्या अखत्यारीत आहे. इंटेलच्या प्रोसेसरात, संगणक सुरू होतानाच बायोस आपला निर्णय एका रजिस्टरमध्ये लिहून त्यावर कुलूप घालतो, आणि ते कुलूप पुढील रीस्टार्टपर्यंत प्रत्यक्ष विंडोजलाही काढता येत नाही. तेव्हा व्हर्च्युअल मशीन चालविणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्याचा लोकप्रिय उपाय व्यर्थ होय. ‘पूर्वी याच्याशिवाय चालत होते’ ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही: 32-बिट मशीन तशी चालत, पण 2019 च्या 6.1 आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्सने ती सवलत रद्द केली.

बायोसमध्ये परवानगी दिली की प्रश्न मिटला, हा दुसरा भ्रम. विंडोजच्या हायपर-व्ही या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीने ती सोय आधीच ताब्यात घेतली असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स चालतो, पण रखडत. आणि खिडकीच्या तळपट्टीवर हिरवे कासव दाखवून तशी कबुलीही देतो. इतका प्रांजळपणा सॉफ्टवेअरमध्ये विरळाच.

सर्व्हर सांभाळणाऱ्या जाणकारांचा गैरसमज निराळा: प्रोसेसरचे नाव तेच, म्हणजे त्याचे गुणही तेच. टीएसएक्स ही इंटेलची सोय 2019 मध्ये उघडकीस आलेल्या सुरक्षादोषानंतर लिनक्सने व मायक्रोकोडने अनेक प्रोसेसरांवर बंद केली, आणि ‘हॅसवेल’ या प्रोसेसर-नमुन्यावर बेतलेली व्हर्च्युअल मशीन तेथे सुरू होईनाशी झाली. माझ्या मते हा नकार योग्यच आहे. कारण नसलेल्या सोयीची हमी दिलेले मशीन भर कामात कोसळण्यापेक्षा आरंभीच अडलेले बरे. अशी मशीन चालविणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’ हा नमुना निवडला की अडचण दूर होते.

म्हणून खरेदीचा अर्ज लिहिण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स सदरात सीपीयूखालील ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही ओळ वाचावी. तेथे ‘डिसेबल्ड’ असेल, तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रावर व्हीटी-एक्स अथवा एएमडीच्या यंत्रावर एसव्हीएम सुरू करावे.