दांत काढतांना हाडाची राखण

येडशी गांव बालाघाटाच्या डोंगररांगेंत वसलें आहे. रामलिंगाच्या घाटांत उतारावरील एखादें झाड उन्मळून पडलें, कीं त्याच्या मुळांनीं धरून ठेविलेली माती पुढच्या पावसाळ्यांत ओघळूं लागते. दांत काढल्यानंतर जबड्याच्या हाडाचें कांहींसें असेंच होतें; मात्र तें वाहून जात नाहीं, शरीरच तें हळूहळू शोषून घेतें.

येडशीसारख्या ठिकाणीं दाढ ठणकूं लागली म्हणजे मनुष्य प्रथम लवंगेचा बोळा ठेवितो, मग गोळी घेतो आणि अखेरीस बार्शी, धाराशिव किंवा लातूर गांठून "एकदांची काढून टाका" म्हणतो. रिकाम्या जागीं नवा दांत बसविण्याचा विचार वर्षादोन वर्षांनीं, घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे सुचतो. शहरांतील घरेंही याबाबतींत फारशीं निराळीं नाहींत.

दांताचें मूळ हाडाला थेट चिकटलेलें नसतें. सूक्ष्म तंतूंनीं तें खोबणींत टांगलेलें असतें. ज्या पातळ अस्थिथरांत हे तंतू रुतलेले असतात, त्याचें अस्तित्व दांतावरच अवलंबून असतें. दांत गेला कीं तो थर विरतो. वरच्या पुढील दांतांची ओठाकडील भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ, म्हणून ती आधीं ढासळते. दाढा व उपदाढा यांच्या जागीं घेतलेल्या मोजमापांत वर्षभरांत हाडाची रुंदी सुमारें निम्म्यानें घटलेली आढळली, आणि त्यांतील दोनतृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतील होती.

ही घट आज अधिक महत्त्वाची ठरण्याचें कारण टायटॅनियमचा मळसूत्री खिळा. ही धातु हाडाशीं एकजीव होते, हें स्वीडनचे प्राध्यापक ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत दिसून आलें. १९६५ मध्यें त्यांनीं मनुष्याच्या जबड्यांत असे खिळे बसविले. खिळा साधारणतः ४ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोहों बाजूंस हाडाची पुरेशी भिंत हवी. हाड अरुंद झालें तर आधीं तें वाढविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणजे खर्च, फेऱ्या आणि महिने तिन्ही वाढतात. लातूरला किंवा सोलापूरला जातांना दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या माणसाला हा हिशेब फार जड जातो.

म्हणून हाडाची राखण दांत काढतांनाच सुरू होते. जाणता दंतवैद्य दांत हिसडून काढीत नाहीं. पातळ पात्याच्या हत्यारानें तो तंतू सोडवितो, दाढ अनेक मुळांची असल्यास ती कापून एकेक मूळ निराळें काढतो. खिळ्याचा बेत पक्का असेल तर रिकाम्या खोबणींत अस्थिचूर्ण भरून वर पातळ पडदा घालतात व साधारण ४ ते ६ महिने वाट पाहतात. यानें घट थांबत नाहीं, कमी होते, एवढेंच खरें. प्रत्येक खोबणींत चूर्ण भरण्याचीही गरज नसते. हें चूर्ण गोवंशाच्या किंवा मृत दात्याच्या हाडापासून केलेलें असूं शकतें. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचेंही मिळतें. ज्यांना संकोच वाटतो त्यांनीं तें आधींच विचारून घ्यावें. दंतवैद्यानें मात्र विचारण्याची वाट पाहूं नये.

खोबणींत सांठलेली रक्ताची गुठळी हीच नव्या हाडाची पहिली पायरी. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरावा, त्या दिवशीं चूळ भरूं नये, जोरानें थुंकूं नये. मिश्री व तंबाखू यांची संवय असलेल्यांना हें सांगणें सोपें, पाळणें कठीण. परंतु गुठळी निघून गेली तर २ ते ४ दिवसांत उठणारी कळ मूळ दाढदुखीहून भयंकर असते. मधुमेह असल्यास, किंवा हाडें ठिसूळ होण्यावरचीं औषधें घेत असल्यास, दांत काढण्यापूर्वींच तसें सांगितलें पाहिजे.

ज्या आजोबांच्या तोंडांत कवळी आहे, त्यांचें हाड तर कवळीखालींही झिजत राहतें; म्हणून दहा वर्षांपूर्वीं घट्ट बसणारी कवळी आज बोलतांना उडते. तरी खालच्या जबड्याच्या पुढच्या भागांत पुष्कळदां कांहीं हाड शिल्लक असतें, आणि तेथें दोन खिळे बसवून कवळीला आधार देतां येतो.