पोरं शिकायला येतात, आपणही शिकू या



१९७२ साली संयुक्त राष्ट्रांनी ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन ठरविला. त्या दिवशी आपण बांधावर रोप लावतो, अन् ऊस तुटला की त्याच बांधाशेजारी पाचट पेटवतो. रोप बिचारे होरपळते.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली कृषी विद्यापीठांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येतात. हेच आपले कृषिदूत अन् कृषिकन्या. त्यांना नुसता चहा पाजून वाटेला लावू नका. खोडव्याचा एक तुकडा त्यांच्या प्रात्यक्षिकासाठी द्या.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, की त्याचे खत होते, ओल टिकते, तणही कमी येते. पेटवले तर सेंद्रिय कर्ब व नत्र धुरावाटे जाते.

आम्ही हे सांगून थकलो. पोरांनी तुमच्याच रानात करून दाखविले, तर नक्की पटेल. त्यांचा अभ्यास होईल, आपली जमीन वाचेल. तेव्हा यंदा काडेपेटी खिशातच राहू द्या!