घरातील वाइन-तळघर : शोभेपेक्षा स्थिर तापमान महत्त्वाचे

फिनलंडच्या आलांड द्वीपसमूहाजवळ बाल्टिक समुद्रात बुडालेल्या एका जहाजाच्या अवशेषांत २०१० साली शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षे त्या ५० मीटर खोल पाण्यात पडून होत्या. तरीही त्यांतील काही बाटल्यांमधील वाइन चाखण्याजोगी होती. समुद्रतळाशी काळोख होता आणि पाण्याचे तापमान वर्षभर दोन ते चार अंश सेल्सिअसच्या आसपास राहत होते. वाइन टिकविण्याचे मर्म या उदाहरणात आहे. लाकडी मांडण्या आणि काचेची दारे ही केवळ शोभा होय; खरे तळघर म्हणजे थंड, अंधारी आणि न बदलणारी हवा.

भारतात वाइनचा सर्वांत मोठा शत्रू उन्हाळा आहे. देशाच्या अनेक भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णतेमुळे बाटलीतील रासायनिक क्रिया वेगाने घडतात, फळांचा गंध नाहीसा होतो आणि चव शिजल्यासारखी लागते. त्याहूनही घातक ठरतो तो तापमानातील चढउतार. दिवसा द्रव प्रसरण पावून बुचावर दाब देतो, रात्री आकुंचन पावून बाहेरची हवा आत ओढतो. हे चक्र काही आठवडे चालले, तरी महागडी बाटली वाया जाऊ शकते.

तळघराची आवश्यकता कोणाला?

बहुतांश वाइन, विशेषतः पांढरी आणि गुलाबी, बाजारात आल्यापासून एक ते तीन वर्षांत पिण्यासाठीच तयार केलेली असते. नाशिक परिसरातील किंवा कर्नाटकातील नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी तयार होणारी बरीचशी वाइनही त्याला अपवाद नाही. ती दहा वर्षे ठेवल्याने अधिक चांगली होत नाही. ज्यांच्याकडे चार-सहा बाटल्याच असतात, त्यांनी त्या काही आठवडे नेहमीच्या शीतकपाटात ठेवल्यास पुरेसे आहे. टॅनिन आणि आम्लता भरपूर असलेली निवडक लाल वाइन अनेक वर्षे मुरवायची असेल, तरच तळघराचा विचार करावा.

कायद्याची मर्यादा

मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने घरी किती साठा ठेवता येतो, हे प्रत्येक राज्याचे नियम ठरवितात. गुजरात व नागालँडमध्ये, तसेच २०१६ पासून बिहारमध्ये दारूबंदी आहे. दिल्लीच्या २०१० च्या उत्पादन शुल्क नियमांनुसार वाइन व बिअरसाठी प्रतिव्यक्ती १८ लिटरची मर्यादा ठरविण्यात आली. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या २४ बाटल्या. काही राज्यांत अधिक साठ्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून सुताराला बोलाविण्यापूर्वी राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करणे हिताचे. मांडणीचा आकार त्यानंतरच ठरवावा.

जागा कोणती निवडावी?

पोटमाळा, स्वयंपाकघर, गच्चीखालची खोली आणि पश्चिमेची भिंत या जागा टाळाव्यात. तळमजल्यावरील, उत्तरेकडील किंवा चारही बाजूंनी इतर खोल्यांनी वेढलेली लहान खोली उत्तम. जिन्याखालची जागाही चालते. मात्र धुलाई यंत्र किंवा पाण्याचा पंप जवळ नसावा. सततच्या कंपनांमुळे जुन्या वाइनमधील गाळ खाली बसत नाही.

वाइनसाठी १२ ते १४ अंश तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. हवा फार कोरडी असल्यास बूच सुकते. फार दमट असल्यास बाटल्यांवरील कागदी पट्ट्यांना बुरशी लागते. नेहमीचा घरगुती वातानुकूलक येथे सहसा उपयोगी पडत नाही. त्याचे तापमान सामान्यतः १६ अंशांखाली नेता येत नाही आणि तो हवेतील ओलावाही शोषून घेतो. त्यामुळे तळघरासाठी बनविलेले शीतयंत्र बसवावे आणि त्याची उष्णता खोलीबाहेर सोडण्याची सोय करावी.

भिंती, छत आणि दार यांना उष्णतारोधक फोमचे जाड थर द्यावेत. या थराच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूस बाष्परोधक पत्रा किंवा प्लास्टिकचे आवरण आवश्यक असते. ते नसल्यास पावसाळ्यातील दमट हवा आत शिरून थंड भागावर पाणी साचते आणि भिंत आतून कुजू लागते. दाराला रबरी पट्टी असावी. काचेचे दार दिसायला सुंदर असले, तरी त्यातून उष्णता आणि प्रकाश दोन्ही आत येतात.

सदनिकांसाठी पर्याय

शहरांतील सदनिकांत वाइनसाठीचे विशेष शीतकपाट हा अधिक व्यवहार्य मार्ग होय. त्यात कॉम्प्रेसर असलेले यंत्र निवडावे. कॉम्प्रेसरविना चालणारी थर्मोइलेक्ट्रिक कपाटे शांत असतात. परंतु ती खोलीच्या तापमानापेक्षा ठराविक अंशांनीच थंड होतात आणि कडक उन्हाळ्यात अपुरी पडतात. भारनियमनाच्या काळात कपाटाचे दार उघडू नये. भरलेले कपाट रिकाम्यापेक्षा अधिक वेळ थंड राहते.

बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना हा नियम लागू नाही. तीव्र प्रकाशानेही वाइनचा वास बिघडतो. त्यामुळे पारदर्शक काचेच्या बाटल्या विशेष जपाव्यात. प्रत्येक बाटलीच्या खरेदीची तारीख आणि ती उघडण्याचे अपेक्षित वर्ष वहीत नोंदवावे.

खर्च करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करता येईल. निवडलेल्या जागी कमाल-किमान तापमापक ठेवून उन्हाळ्यात निदान दोन आठवडे रोजच्या नोंदी घ्याव्यात. त्या आकड्यांवरून शीतयंत्र किती क्षमतेचे लागेल, किंवा ती जागाच बदलावी लागेल का, हे स्पष्ट होईल.