दर एक, आकडे दोन

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी पदवीधर किती होतात? या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत. सरकारी पद्धतीत सहा वर्षांच्या आत मूळ संस्थेतूनच पदवी घेणारे मोजले जातात. अन्यत्र गेलेला विद्यार्थी पदवी न मिळालेल्यांत जमा होतो. ‘एनसीएए’ ही क्रीडा नियामक संस्था २००५ पासून वेगळा दर जाहीर करते. त्यात अभ्यासातील प्रगती समाधानकारक असताना संस्था सोडणारे वगळले जातात, तर बाहेरून आलेले धरले जातात. समजा, १०० खेळाडूंपैकी ५६ पदवीधर झाले आणि २० असे निघून गेले, तर पहिला दर ५६ टक्के, दुसरा ७० टक्के! त्या २० जणांना पुढे पदवी मिळाली का, हे मात्र दुसरा दर सांगत नाही. व्यावसायिक संघांत दोन टक्क्यांहूनही कमी खेळाडू पोहोचतात. बाकीच्यांची भिस्त पदवीवरच असते. म्हणूनच दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.